एक बोट अंतर

नकाशावर दोन स्टेशनांच्या मधे
माझं एक बोट मावतं. तेही करंगळी.
गाडीला दीड मिनिट लागतं. तिला ड्रायव्हर नाही,
पुढच्या काचेशी उभं राहिलं तर आपणच चालवतोय असं वाटतं
आणि कुणी हटकत नाही.

त्या रविवारी ती थांबली.
आधी अरबीत, मग इंग्रजीत बाईचा आवाज दिलगीर झाला,
दारं उघडली, सगळे फोनमध्ये बघत उतरले.
बदली बस येणार होती. तिची रांग
जिन्यावरून खाली, आणि वळून पुन्हा जिन्याशी.
मी म्हटलं, करंगळीएवढं तर आहे.

खिशात कुकरची रिंग होती, हणमंतासाठी.
त्याच्या खोलीत नऊ माणसं
आणि महिनाभर डाळ शिजत नव्हती.

मी देऱ्यात सोनं गाळतो. विट्याकडचा गलाईवाला,
बारा वर्षं मुशीसमोर उभा आहे,
उन्हाचं मला कुणी सांगू नये, असा माझा तोरा.
पूल उतरलो तेव्हा अडीच वाजले होते, एप्रिल संपत आलेला.
तोरा पहिल्या खांबापर्यंत टिकला.

फुटपाथ होता. चांगला, लाल विटांचा.
दोनशे पावलांवर संपला,
वळण नाही, पाटी नाही. वीट, वीट, मग रेती.
बांधणाऱ्याला कुणीतरी जेवायला हाक मारली
आणि तो परत आलाच नाही.
डावीकडे सात पदरी रस्ता, पलीकडे तेवढाच परतीचा.
समोर स्टेशन दिसत होतं, पालथ्या शिंपल्यासारखं, सोनेरी,
कॅरट मी सांगणार नाही,
आणि कितीही चाललो तरी तिथंच राहत होतं.

मग फुलं लागली.
जांभळी, पांढरी, चार लग्नांचे मांडव निघतील एवढी,
मुळाशी काळ्या नळ्या.
मी नळी ओलांडायला पाय उचलला.

"मेल्या, फुलां तुडवतलंस! खंय चललंस?"

मी जागच्या जागी मराठी झालो.
विचारलं, कसं ओळखलंत?
"खंय वळाखलंय? मी सगळ्यांका असाच सांगतंय.
कोणाक समजणा नाय, म्हणान बरा वाटता."

पास्कू फर्नांडिस, वेंगुर्ल्याचा.
तोंडाला ओलं फडकं, त्यावर नुसते डोळे.
ह्या दोन स्टेशनांमधली फुलं त्याच्याकडे.
तीन वर्षांत इथून चालत गेलेला मी चौथा, म्हणाला.
एक प्यायलेला होता. एक चुकीच्या पुलानं उतरलेला.
तिसऱ्याबद्दल तो बोलला नाही,
नळी सोडवली आणि माझ्या डोक्यावर धरली.
पाणी कोमट. पिऊ नको, झाडांचं आहे, म्हणाला,
मग स्वतःची बाटली दिली.

रिंग त्यानं दोन बोटांत धरून दाबून पाहिली.
"रबर बरा आसा. पण ही तीन लिटरची.
नऊ जणांका?"

आम्ही खांबाच्या सावलीत बसलो. सावली एका माणसाची होती,
ती सरकेल तसे सरकत राहिलो.
डोक्यावरून एक गाडी गेली, रिकामी, चाचणीची असावी.
पास्कूनं वर पाहिलं नाही.
"पुढल्या आयतवारा सगळी उपटूची," तो म्हणाला, "उन्हाळो.
मगे हंयसर नुसती रेंव. माका धाडतले दुसरीकडे."
कुठे, ते त्यालाही सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी गाड्या सुरू झाल्या. रिंग परत खिशात,
हणमंताचा कुकर पाच लिटरचा निघाला.
मी पुढच्या काचेशी उभा राहिलो, आकडे मोजत.
एक्केचाळिसाला जांभळा पट्टा आला आणि गेला.
त्यात एक वाकलेली पाठ, किंवा नळ्यांचं वेटोळं.
बाईच्या आवाजानं पुढच्या स्टेशनाचं नाव घेतलं.
ते नाव एका कंपनीचं आहे,
गेल्या वर्षी दुसऱ्या कुणाचं होतं.

रिंग बदलून आणली आहे.
आज शनिवार.
गाड्या, म्हणतात, आता नीट चालू आहेत.